खालच्या बांधीचे रायभानभाऊ

रायभानभाऊंची आणि माझी पहिली ओळख मेलेल्या मासोळ्यांनी करून दिली. गौरवग्रंथात असे वाक्य शोभत नाही, हे मला कळते. पण भाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना खरे सोडून दुसरे काही लिहिले, तर ते स्वतःच मला बोलावून घेतील.

ऐंशीच्या दशकात मी गोंडपिपरी तालुक्यात कृषी सहायक म्हणून रुजू झालो. मी कापसाच्या मुलखातला. पाऊस शेतात पडतो आणि तिथेच मुरतो, एवढेच मला ठाऊक. इथे धानाच्या एका बांधीतले, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातले, पाणी खालच्या बांधीत उतरते, तिथून आणखी खाली, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. त्या पावसाळ्यात उतारावरच्या सर्वांत वरच्या बांधीत मी धानाच्या गादमाशी या किडीवरच्या औषधाचे प्रात्यक्षिक केले. माणसाला याचा काही अपाय नाही, असे गावाला छातीठोकपणे सांगितले. दुसऱ्याच दिवशी जोराचा पाऊस झाला आणि पाणी खाली उतरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पस्तिशीतले एक गृहस्थ माझ्या खोलीवर आले. त्यांनी जयभीम केला आणि पळसाच्या पानावर आणलेल्या बोटभर मासोळ्या टेबलावर ठेवल्या.

"साहेब, या माह्या बांधीत मेल्या. मी सगळ्यात खालचा," ते म्हणाले. "तुमी म्हन्ता, मानसाले काई होत नाई. मंग भाजून देऊ का?"

आवाजात राग नव्हता. मी नुसती मान खाली घातली. वर पाठवलेल्या अहवालात मात्र 'प्रात्यक्षिक यशस्वी' असे लिहून मोकळा झालो.

भाऊंची शेती अवघी दोन एकर. उन्हाळ्यात बोडीतला, म्हणजे शेततळ्यातला, गाळ काढून बांधीत टाकायचा, गोठ्यातले शेणखत घालायचे, चिखलणीच्या वेळी करंजीचा पाला तुडवायचा. विकतचे काही नाही. 'सेंद्रिय' हा शब्द तेव्हा गावात पोचला नव्हता; लोक 'रायभानचा बिनदवाईचा तांदूळ' म्हणत. गोंडपिपरीच्या बाजारात रहमानभाई हे व्यापारी तो वेगळ्या पोत्यात ठेवत. घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असले की लोक तोच मागत. साध्या तांदळापेक्षा त्याला चढा भाव मिळे आणि त्यावरच भाऊंच्या घराचे वर्ष निघे.

त्या वर्षीचा तांदूळ घेऊन भाऊ बाजाराला निघाले, तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. खरे सांगायचे तर, ते माझे नाव घेतील या धास्तीने.

"रहमानभाई, यंदा हा तांदूळ त्या पोत्यात टाकू नका. वरून दवाईचं पानी आलं," भाऊ म्हणाले.

"अरे भाऊ, चावलावर थोडी लिहून हाय? कोनाले मालूम पडनार हाय?"

"बाळंतीन कोनाच्या भरोशावर खाते? तुमच्या का माह्या?"

तांदूळ साध्या ढिगात गेला. दवाई कोणी टाकली, असे रहमानभाईंनी विचारले. मी शेजारीच उभा होतो. भाऊ म्हणाले, "साहेब नवे हायेत. शिकून राह्यले." इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

त्या वर्षी भाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमित्राबाई पहिल्यांदाच मिरची तोडायला आंध्रात गेले. गाय शेजाऱ्यांकडे बांधली, घराला कुलूप घातले. परतल्यावर सुमित्राबाईंची बोटे सोललेली होती. मला चहा देताना म्हणाल्या, "घ्या साहेब, हात धुतले हायेत. तिखट नाई लागनार."

ते गावाबाहेर असताना मी वरच्या बांधीच्या मालकांच्या मागे लागलो होतो. बांधाच्या कडेने नाली काढून त्यांचे पाणी परस्पर ओढ्यात सोडायचे आणि भाऊंचे धान बोडीवर भागवायचे, असा बेत. मालक म्हणाले, जागा देतो, मजूर देणार नाही. मग फावडे मीच घेतले. भाऊ परतले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमची नाली चढावर चालली." उरलेली नाली त्यांनी आखली, आम्ही दोघांनी खणली आणि मृगाच्या आत संपवली.

पुढे खालच्या बाजूचे आणखी काही शेतकरी भाऊंसारखे करू लागले. भाऊंनी उपदेश कोणालाच केला नाही; विचारायला आलेल्याला चिखलात उतरवून दाखवले. वरची बांधी आजही दवाईवरच आहे, हेही लिहिले पाहिजे. म्हणून नाली दर उन्हाळ्यात साफ करावी लागते आणि भाऊ या वयातही फावडे घेऊन जातात.

नाली झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मासोळ्या आल्या नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर भाऊंचा निरोप आला. गेलो, तर पळसाच्या पानावर भाजलेल्या मासोळ्या. भाऊंनी पान माझ्यापुढे सरकवले. मी काट्यांसकट खाल्ल्या. त्याचा अहवाल कुठे पाठवला नाही.

भाऊंना धडधाकट शंभरी लाभो. सुमित्राबाईंच्या हातचा चहा आम्हाला मिळत राहो. आणि दर पावसाळ्यात भाऊंनी मला विचारत राहावे, भाजून देऊ का? त्या सकाळी राहून गेलेले उत्तर मी दर वर्षी येऊन देईन.