धुरावर धरलेल्या बिया

नजमाआपांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी जुईनगर स्टेशनबाहेर मेथीची जुडी बघत होतो. "साने काका, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मेथी तिथेच राहिली.

आपांचं दार आमच्या दारासमोर. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. जन्मभर नकाशावर दाखवलेल्या दक्षिण आफ्रिकेतलं एक तरी झाड दारात असावं म्हणून त्यांनी प्रोटीआच्या बिया मागवल्या. अननस आणि सूर्यफूल यांच्या मधलं काहीतरी दिसणारं, ओंजळभर फूल येणारं झुडूप. मी तिथला पाऊस आणि आपला पाऊस, दोन्ही मिलिमीटरमध्ये काढून दाखवले.

"आकडे तुमचे बरोबर आहेत, साने. पण बियांना कुठे ठाऊक?"

या बिया रानात वणवा लागून गेल्यावर उगवतात. म्हणून दर गुरुवारी घरात लोबान फिरवून झाला, की आपा त्याच निखाऱ्यांवर नारळाची शेंडी आणि सुकं गवत टाकून बियांची चाळणी धुरावर धरायच्या. वॉचमन धावत वर यायचा. "आपा, क्या जल रहा है?"

"काही नाही रे. बियांना फसवतेय."

वीस बियांतून तीन रोपं आली, पावसाळ्यानंतर एक उरलं. ते मात्र त्यांनी गुडघ्याएवढं केलं. नुसती रेती आणि खडी, पावसात कुंडी ओढून आत, आणि खताचा कणही नाही. खतातलं स्फुरद या झाडाला विषासारखं. "याला उपास मानवतो," म्हणायच्या. इतक्या चिकाटीने काही न देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग त्या दवाखान्यात गेल्या. आपांचं झाड सुकायला नको म्हणून सोसायटीत ज्याने त्याने माया केली... कुणी निर्माल्याचं खत घातलं, कुणी तांदळाचं धुवण. मला कळेपर्यंत पानं काळी पडली होती.

सांगावं की नाही ठरेना. शेवटी सांगितलं. नाकातली नळी सावरत आपा हसल्या. "म्हणजे जेवू घालून मारलं... बिचाऱ्यांना रागावू नका हां. फ्रीजच्या दारात बिया आहेत अजून. शबानाला धूर सोसत नाही. तुमीच करा."

ती आमची शेवटची भेट.

चाळिसावा झाल्यावर शबानाने बियांची डबी आणि अम्मीचं धुपाटणं आणून दिलं. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी दारात बसून शेंडी पेटवली. डोळे चुरचुरले, चाळणी दोनदा कलली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वॉचमन वर आला आणि सवयीने आपांच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिला. क्षणभराने माझ्याकडे वळला.

"साने साब, क्या जल रहा है?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "बियांना फसवतोय."

तो खाली गेला नाही. चाळणीची दुसरी बाजू धरून बसला.