ताईचा कुर्ता, एकटीने घालायचा

वागळे इस्टेटमधल्या ताईच्या कारखान्यात दोन गोष्टी सतत साठायच्या, कापडाच्या चिंध्या आणि किस्से. चिंध्या भंगारवाला गोणीत भरून न्यायचा. किस्से राहिले. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती जाऊन आता वर्ष होत आलं. तिचे कटिंग मास्तर सलीमभाई अजून फोन करतात, "ते आठवतंय का?" म्हणून, आणि आम्ही दोघं हसत बसतो.

ताई बायकांचे कुर्ते शिवायची. चेन, हुक किंवा नाडी पाठीवर आली की ते डिझाइन बाद! कपडा बाईला कुणाच्या मदतीशिवाय घालता आला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी ते तिलाच जड गेलं.

*

कल्याणचे एक दुकानदार मोठी ऑर्डर घेऊन आले. अट एकच, पाठीला चेन हवी.

"फिटिंग काय येतं, मॅडम!"

"बाई घरात एकटी असली तर?"

"नवरा लावेल की."

"तुम्ही लावता?"

"मला कुठे वेळ असतो! मी सकाळीच दुकानात."

ताईने त्यांनी आणलेल्या सॅम्पलची घडी घालून ती त्यांच्या हातात परत दिली.

*

फोटोसाठी एकदा मॉडेल बोलावली होती. ताईने तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं, हात उंच करून दोरीवर कपडे वाळत घालायला लावले, मग जिन्यावरून धावत खाली पाठवलं. प्रत्येक नव्या कुर्त्याची ही परीक्षा असायची. मुलगी धापा टाकत वर आली.

"मॅम, फोटो कधी काढायचे?"

"काढून झाले. आता केस नीट कर आणि चहा घे!"

*

जयवंतीमावशी कोळीवाड्यातून यायची, तयार कपड्यांचे धागे कापायला. नवा कुर्ता आधी तिला वापरायला द्यायचा, ही पद्धत. एकदा तिने परत आणलेल्या कुर्त्याच्या वासाने अख्खा कारखाना उठून उभा राहिला.

"अगं, खिशात काय ठेवलं होतंस?"

"सुके बोंबील. पिशवी फाटली ना गो ताय, मंग खिशान टाकले!"

ताईने नाकाला ओढणी लावली, खिसा उलटा करून टाके ओढून पाहिले आणि सलीमभाईंना म्हणाली, "पास."

*

डोंबिवलीची एक कॉलेजातली मुलगी तक्रार घेऊन आली. "ताई, सेम कुर्ता माझ्या आईकडे आहे. म्हणजे हे जुनं डिझाइन ना?"

"आई अजून घालते?"

"रोज!"

"मग नवीन कशाला घेतेस? तिचाच घाल."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला.

*

मग स्ट्रोक आला आणि ताईचा उजवा हात गेला. सकाळी मी तिला कुर्ता घालायचे. ती डोळे मिटून उभी राहायची. एकदा म्हणाली, "तुझा हात हलका आहे गं. पण मला नकोय."

सलीमभाई म्हणाले, "गाऊन घाला ना ताई, सोपा पडेल."

"गाऊन घालून कारखान्यात येऊ?"

तिने सांगितलं तसे सलीमभाई कापत गेले. गळा मोठा, बाहीचा घेर दुप्पट, बटण एकही नाही. बरीच सॅम्पलं वाया गेली. मग एक घेऊन ती ट्रायल रूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

मशिनी एकेक करून थांबल्या. आत स्टूल पडल्याचा आवाज झाला. मी उठले, तर जयवंतीमावशी माझ्याआधी दाराशी.

"येऊ का गो आत?"

"आलीस तर उद्यापासून येऊ नकोस!"

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ताईचे केस विस्कटलेले, कपाळावर घाम. अंगात कुर्ता, पूर्ण. फक्त उलटा! सगळी शिलाई बाहेर, दोन्ही खिसे कानांसारखे लोंबतायत.

सलीमभाई सवयीने बोलून गेले, "ताई, उलटा झालाय."

ताई आरशासमोर गेली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"मुद्दाम घातलाय. आतली शिलाई बघायची होती," ती म्हणाली. "आणि मशिनी का बंद आहेत?"