पेमाचा आवाज ओळखायचा कसा

सेनगावच्या बसस्टँडामागं गुलाम नबीचं डेक-रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून हाय. पाटी कवाच पुसून गेली, पण पाटी वाचून कोण येत होतं म्हणा! माझं किराणा दुकान त्याला चिकटून. अर्धी जिंदगी मी या माणसाशी आवाजावरून भांडण्यात घालवली.

तुमाला काय कळणार ते डेकचे दिवस. सोयाबीन विकलं की जीपा भरून लोक यायचे, अन् जो तो डेकचा आवाज पारखायला आपली कॅसेट खिशात घालून यायचा. दुकानातल्या कॅसेटवर कुणाचाच भरवसा न्हाई. नरसीकडच्या भजनवाल्यांना टाळ सुटा सुटा ऐकू आला पाहिजे, अन् जवान पोरांना छातीत धडधड पाहिजे. त्यांच्यासाठी नबीभाई मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून द्यायचा, पण तोंड असं करायचा की जणू कुणी बिर्याणीत साखर मागितली. म्हणायचा, यानं आवाज सुजतो. मी म्हणायचो, सुजतो काहून, भरतो. झालं! चहा थंड व्हायचा, गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. मग त्याची बायको जैनबबी आतून म्हणायची, दोघंबी एकदा कान तपासून घ्या. त्या भांडणाचीसुद्धा आता याद येते. हल्ली पोरं कानात बोंडं घालून फिरतात, कुणाला काय ऐकू येतं कुणास ठाऊक.

गेल्या थंडीत बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा देविदास आईला, रुक्माबाईला, घेऊन आला. त्याचा बाप पेमा म्हणजे लेंगीचा बादशहा. होळीला तांड्यावर जी गाणी म्हणतात, ती लेंगी. एका होळीला नबीभाईनं टेप खांद्याला लावून, मला संगं घेऊन तांडा गाठला होता अन् पेमाचं गाणं भरून आणलं होतं. पेमा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरचा डेक मेला, कॅसेट पेटीत पडून राहिली. पोरानं मोठ्या हौसेनं ती हिंगोलीत नेऊन पेनड्राइव्हवर भरून आणली, खरखर काढून घेतली, घरी नवा साऊंडबार लावला अन् आईला बराबर समोर बसवलं. रुक्माबाईनं ऐकलं अन् म्हणाली, हा तुझा बाप न्हाई.

पोरगं तोंड पाडून बसलं होतं. पण माझं ध्यान रुक्माबाईकडं गेलं. बाई घाबरलेली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत नबीभाईला म्हणाली, "देविदासच्या बापाचा आवाज मीच इसरले का काय, भाऊ? फोटो हाय म्हणून तोंड तरी ध्यानात हाय. आवाज बी गेला तर माझ्याजवळ काय ऱ्हायलं?"

नबीभाईनं देविदासकडून मूळ कॅसेट घेतली, स्पिरिटच्या कापसानं डेकचं हेड पुसलं, बाईला खुर्ची देऊन स्पीकरच्या पुढ्यात बसवलं. पेमा गायला लागला. नबीभाई खूश! म्हणाला, हुबेहूब हाच, मी समोर उभा राहून भरलाय, कसा धारदार आवाज होता. बाईनं मान हलवली. न्हाई.

मला राहवलं न्हाई. मी म्हणालो, अरे पेमाचा आवाज जाड होता, पोटातून यायचा, लाव माठाला. नबीभाई चिडला, पण माळ्यावरचा माठ काढला. आता गाणं दुकानभर घुमलं. मला तर पेमा दारात उभा दिसला, खोटं सांगत न्हाई. बाई पुन्हा न्हाई म्हणाली, अन् डोळे पुसायला लागली. मग आमची जुंपली. दोघांनी पेमाला तोंडासमोर ऐकलेला, अन् पेमा मात्र दोघांचा दोन! देविदासला तर तिसराच आठवत होता.

जैनबबीला आमची कटकट सहन झाली न्हाई. ती बाहेर आली, रुक्माबाईचा हात धरला, या मर्दांचं चालू द्या म्हणाली अन् तिला चहाला आत घेऊन गेली. दुकानामागं भिंतीपलीकडंच तिचं सैपाकघर. आमी इकडं बटणं फिरवत बसलो, गाणं चालूच होतं.

थोड्या वेळानं जैनबबी दारात आली अन् हळूच म्हणाली, "बंद करू नका. तिनं ओळखलं."

देविदास धावत आत गेला, मागून आमी. रुक्माबाई चुलीजवळ खाली बसली होती, भिंतीला पाठ लावून. बशीतला चहा तसाच. गाणं भिंतीतून अर्धमुर्धं येत होतं, शब्द फुटत नव्हते, अन् बाईचं तोंड उजळलं होतं. म्हणाली, हाच. घरी सासरा अन् तांड्यातले बुजुर्ग ओसरीवर बसायचे, पेमा तिथं गायचा. सुनेनं त्यांच्यासमोर जायचं नसतं. ती आपली घुंगट घेऊन भिंतीआड चुलीपाशी भाकरी थापायची. पुढं डेक आला, तो बी ओसरीवरच.

आमी दोन शहाणे तिला खुर्चीत बसवून आवाज तपासत होतो! नबीभाईनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, लपवत न्हाई.

देविदास आईजवळ जमिनीवर बसला. भिंतीला डोकं टेकवून बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, तुला माझा बाप असाच ऐकू यायचा व्हय?"

"असाच," रुक्माबाई म्हणाली. "जवळ बसून ऐकायचं राहूनच गेलं."