झोयाचा पहिला मासा

मंडळी, कतीफच्या समुद्रकिनाऱ्यावरून नुकताच घरी आलोय आणि लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी नऊ वर्षांची मुलगी झोया आज पहिल्यांदाच माझ्याबरोबर मासे पकडायला आली होती. बरेच दिवस आमची तयारी चालू होती. गाठ कशी मारायची, गळाला कोळंबी कशी लावायची, दोरीला झटका बसला की काय करायचं, सगळं मी तिला शिकवलं. गच्चीवर गळ फेकायचा सरावसुद्धा झाला.

आणि आज पहिला मासा तिच्याच गळाला लागला. बरोबर आलेल्या माझ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. झोयाही हसत होती, पण मासा बादलीत तडफडायला लागला तशी ती हसायची थांबून बादलीवर वाकली.

"अब्बा, इसको दर्द हो रहा है. छोड़ दें?" तिने हळूच विचारलं.

मित्र बघत होते. मी म्हणालो, "मग आलो कशाला आपण? घरी मासे खातेसच ना?" सगळे हसले.

ती मासा हलायचा थांबेपर्यंत बादलीपाशी बसून राहिली.

परतताना गाडीत मी विचारलं, "पुढच्या शुक्रवारी जायचं ना?"

"यू गो, अब्बा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

एवढ्या तयारीत मासा डोळ्यांसमोर मरेल, हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि तिने विचारलं तेव्हा सोडून दिला असता तर माझं काय बिघडलं असतं?

ती आता आतल्या खोलीत आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर आत जाऊन काय बोलला असता?