चौथ्या विभागातली बाई

दोन्ही लिफाफे फोडून मी तीन आठवड्यांचे तक्ते टेबलावर मांडले. डावीकडे एल्विनाचे, उजवीकडे सायलीचे. सगळं जुळत होतं, फक्त चौथा विभाग सोडून. तिथे दुपारी चारच्या फेरीत एल्विनाने रोज एक माणूस लिहिला होता. स्त्री, वृद्ध, बसलेली. सायलीच्या तक्त्यात त्याच जागी रोज शून्य होतं.

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर हे कळायचं नाही. मी वसईतल्या एका कॉलेजात रिक्रिएशन मॅनेजमेंट शिकवते. त्याआधी वीस वर्षं क्लबहाउस आणि स्विमिंग पूल चालवले. माझ्या नणंदेला अजूनही वाटतं, मी पी.टी.ची बाई आहे. लोक मोकळ्या वेळात कुठे जातात, तिथे काय करतात, आणि बाग किंवा मैदान कसं चालवलं म्हणजे ते पुन्हा येतील, असा हा विषय आहे. तीन वर्षांत पदवी मिळते. चौथं वर्ष ऑनर्सचं. त्यात विद्यार्थ्याने स्वतः एक संशोधन करायचं असतं. ते बुडालं की चौथं वर्षही बुडालं.

एल्विना पाचूबंदरची. तिच्या वडिलांची बोट आहे. चौथ्या वर्षाला ते राजी नव्हते. तीन वर्षांत जे शिकून झालं नाही ते चौथ्यात काय होणार, असं त्यांनी माझ्या तोंडावर विचारलं होतं. मी शब्द दिला म्हणून ते गप्प बसले. त्यामुळे हे संशोधन जितकं तिचं होतं तितकंच माझ्या शब्दाचंही होतं.

विषय साधा होता. माणिकपूरच्या बाजूच्या एका बागेत कोण येतं आणि काय करतं. बागेचे सहा विभाग पाडायचे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुणेवर उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची. दिसेल तो माणूस लिहायचा. नजर पुढे गेली की मागे वळून बघायचं नाही, कारण मागे बघितलं की एकच माणूस दोनदा मोजला जातो. मोजणारे दोघं असतात. ते एकमेकांशी बोलत नाहीत, बोट दाखवत नाहीत, ज्यांना मोजतात त्यांच्याशीही बोलत नाहीत. तक्ते वेगवेगळ्या लिफाफ्यांत बंद होतात. दोघांचे आकडे जुळले तरच ते खरे धरतात. दुसरी मोजणारी म्हणून एल्विनाची वर्गमैत्रीण सायली होती. ती आचोळ्याची, व्हॉलीबॉल खेळणारी, कॉलेजातली सगळ्यात उंच मुलगी.

मी दोघींना बोलावलं. सायली म्हणाली, तिथे कुणीच नसतं. एल्विना म्हणाली, असतं. दोघीही खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. हेच मला आवडलं नाही. एक जण खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

आमच्या एच.ओ.डीं.ना मात्र कोडं वगैरे काही पडलं नाही. त्यांच्या मते एल्विना चौथ्या विभागाचे दुपारचे आकडे घरी बसून भरत होती. मैत्रिणीला वाचवायला सायली पुढे झाली आणि नको ते बोलून बसली. ती म्हणाली, एल्विनाच्या घरी जेवायला किती जण असं विचारलं, तर दर्यावर गेलेला माणूसही धरतात. आकडा कमी सांगत नाहीत. एल्विनाचा मोठा भाऊ नेल्सन दोन वर्षांपूर्वी बोटीवरून पडला. तो सापडला नाही. त्याचं ताट अजून मोजतात.

हे मला ठाऊक होतं. मी त्या घरी जेवले आहे आणि ते भरलेलं ताट पाहिलं आहे.

एच.ओ.डी. म्हणाले, "म्हणजे नसलेला माणूस मोजायची हिला घरूनच सवय आहे."

एल्विनाने मान खाली घातली नाही. ती इतकंच म्हणाली, "सर, ते घरी. तक्त्यात मी दिसतं तेच लिहिते."

मी एक आठवडा मागून घेतला. तेवढ्यात उलगडा झाला नाही, तर संशोधन रद्द.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी दोघींबरोबर खुणेवर जाऊन उभी राहिले. त्या बागेच्या जागी पूर्वी एका वाडीचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं छोटं तळं. आमच्याकडे जुन्या वाड्यांतून अशी खूप होती. हे भरून टाकलं आणि वर बाग केली. चौथा विभाग बरोबर त्याच्यावर येतो. भर उन्हाळ्यातही तिथलं गवत ओलं असतं. झोपाळे लावले तरी मुलं तिकडे फिरकत नाहीत. एका कडेला भेंडीचं मोठं झाड आहे, भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढते ती भेंडी, फांद्या पार खाली आलेल्या.

चार वाजले. मी नजर फिरवली. झाड, कुंपण, रिकामा बाक. मी शून्य लिहिलं. सायलीनेही. एल्विनाच्या कागदावर मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिने एक लिहिलं होतं, आणि हात जराही थांबला नव्हता.

मी नियम मोडला. "दाखव," म्हटलं.

तिने भेंडीकडे बोट केलं. "ती काय. तांबडं लुगडं."

मला पानं दिसत होती. मी तरातरा चालत निघाले. झाडाला वळसा घालून पलीकडे जायला फार तर मिनिट लागलं असेल. तिथे कुणी नव्हतं. गवतात बुडालेली दगडाची एक पायरी होती, बावखलाची उरलेली. दगड सगळीकडे ओला होता, फक्त मधे एक पाटाएवढी जागा कोरडी, जणू आत्ताच कुणी उठून गेलंय. अंगावर काटा आला हे कबूल करते. पन्नाशी उलटलेली बाई मी, पूल चालवलेले, बुडालेली माणसं बाहेर काढलेली. पण त्या पायरीजवळ मला दोन मिनिटं उभं राहवलं नाही.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, तांबड्या लुगड्याची म्हातारी गेटातून आत येताना त्याने कधी पाहिलेली नाही, आणि बाहेर जातानाही नाही. वर हेही म्हणाला, "मॅडम, उधर शाम को मैं भी नहीं जाता."

पुढचे दोन दिवस तेच झालं. चार वाजता एल्विनाचा एक, आमची दोन शून्यं. मी एल्विनाकडेच बघायला लागले. ती शांत होती. माझ्या मनात एच.ओ.डीं.चं वाक्य घोळत होतं आणि त्याची मला लाज वाटत होती. आठवडा संपायला दोन दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी माझ्या पेनाचं टोपण पडलं. ते उचलायला मी वाकले, आणि तशीच वाकून राहिले.

फांद्यांच्या खालून, गवताच्या बरोबर वर, एक म्हातारी सरळ माझ्याकडे बघत होती. तांबडं लुगडं, मांडीवर हात, बोटांत रोझरीचे मणी. तिचे ओठ हलत होते. मी सरळ उभी राहिले. पानं. पुन्हा वाकले. म्हातारी.

मग डोक्यात उजेड पडला. सायली उंच, मीही काही कमी नाही. एल्विना जेमतेम आमच्या खांद्याला लागते. तिची नजर फांद्यांच्या खालून जात होती, आमची फांद्यांत अडकत होती. चार दिवस एका मुलीवर खोटेपणाचा आळ होता, आणि चूक काय, तर मोजणाऱ्यांची उंची आम्ही कुणीच बघितली नव्हती. मी इतकी हसले की सायली घाबरली.

या वेळी मी धावले नाही. तिघी हळूहळू गेलो. म्हातारी तशीच बसून होती. वाडी तिच्याच सासरची. मागच्या कुंपणाला एक फट होती, तिथून ती रोज येत होती, म्हणून वॉचमनला ती माहीतच नव्हती. त्या दिवशी का उठून गेलात, असं विचारलं तर म्हणाली, तू अंगावर धावून आली, मग मी काय बसून राहू? लग्न होऊन आल्यापासून ती दुपारी या पायरीवर बसायची. पाणी गेलं म्हणून बसणं कशाला सोडायचं, असं तिचं म्हणणं.

मी तिची माफी मागितली. आम्ही रोज तुम्हाला मोजतो, पण तुम्हाला विचारलं नाही, असं सांगितलं.

"मी पन मोजते," ती म्हणाली. रोझरी तिने पदरात बांधली. "तुमी रोज चार वाजता येता. तिकडं उभी रावता. रोज तिगं."

"दोघी," सायली म्हणाली. "मॅडम चार दिवसांपासूनच येतात."

"तिगं. या दोन पोरी, आनि यांच्या मागं एक बाप्या मानूस. आता ही आली तवापासून चार."

आम्ही तिघी तिच्यासमोर उभ्या होतो. वारा नव्हता. आमच्या खुणेची जागा तिथून स्पष्ट दिसत होती, रिकामी. मी म्हातारीचे डोळे बघितले. मोतीबिंदू वगैरे काही नव्हतं. वॉचमन येऊन उभा राहत असेल, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तो वॉचमन नव्हे, त्या खाकीवाल्याला ती ओळखते.

एल्विना खाली बसली, म्हातारीच्या तोंडासमोर. तिने एकच विचारलं. "आजी, तो तोंड कुठं करून उभा असतो?"

"दर्याकडं," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडं पाठ."

त्या बागेतून समुद्र दिसत नाही. मधे सगळ्या बिल्डिंगा आहेत.

एल्विनाने मान हलवली. रडली नाही, दचकली नाही. बाजारात कुणी भाव सांगावा आणि तो आधीपासून ठाऊक असावा, तशी ती उठली. बाहेर आलो तेव्हा सायली माझा हात सोडत नव्हती. गेटासमोरच्या टपरीवर एल्विना आमच्या पुढे जाऊन म्हणाली, "चार कटिंग."

टपरीवाल्याने चार ग्लास मांडले. तीन आम्ही उचलले. चौथ्याबद्दल मी विचारलं नाही. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

संशोधन पास झालं. नजरेच्या उंचीवरचा परिच्छेद बाहेरच्या परीक्षकांना सगळ्यात आवडला. एच.ओ.डीं.नी एल्विनाला सॉरी म्हटलं, तेही माझ्या केबिनमध्ये, दार लावून. तिचे वडील निकालाच्या दिवशी पापलेट घेऊन आले आणि चौथ्या वर्षाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून आमचे सगळे मोजणारे एकाच उंचीच्या स्टुलावर बसून मोजतात. ज्या माणसाला मोजायचं त्याला शेवटी एकदा विचारावं, हेही मी आता शिकवते. पण तो आपल्याला किती मोजतो हे ऐकायची तयारी ठेवूनच.

तक्त्यात वरच्या बाजूला एक नवा रकाना आहे, मोजणारे किती. तो मी स्वतः भरते. दोन, असं लिहिते. लिहिताना मागे वळून बघत नाही. पद्धतच तशी आहे.