भटूभाऊला सांगितलेला शेवट

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि बायकोला मी सगळं सांगतो — सांगावंच लागतं, ती काढून घेते. पण ही नाही. दोन-तीनदा अगदी ओठावर आली आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून आज बहुतेक जमेल. थकलोय हो मी, हे आत ठेवून ठेवून.

आधी थोडं इकडचं तिकडचं सांगतो. चालेल ना? एकदम मुद्द्यावर यायची माझी हिंमत नाही.

मी सुरतेत तेवीस वर्षं लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवतोय. मूळचा धुळ्याकडचा, घर इथेच सुरतेत, डिंडोलीला. आम्ही ज्या शेडमध्ये काम करतो तिला इथे खातं म्हणतात. खात्यात एका वेळी पन्नास-साठ मशिनी चालतात. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, ऐकूच येत नाही. मग आम्ही काय करतो — तोंड मोठं करून, एकेक अक्षर ओठांवर स्पष्ट आणून बोलतो, आणि समोरचा ते वाचतो. धागा तुटला, चहा आला, मास्टर येतोय, सगळं ओठांवर. वर्ष-दोन वर्षांत ही सवय अंगात मुरते. बाहेर आल्यावरही आम्ही तसेच बोलतो. बायको म्हणते, अहो, मी दोन हातांवर बसलेय, तोंड एवढं कशाला वासता?

ही सवय लक्षात ठेवा. पुढे ती माझ्या अंगाशी येणार आहे.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी आमचा अड्डा असायचा, अजूनही असतो. कॉलनीच्या नाक्यावर लोच्याची लारी आहे — लोचो म्हणजे इथला वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, लारी म्हणजे हातगाडी. तिथे बाकावर सात-आठ जण, हातात गरम लोचो, त्यावर भरपूर शेव, आणि विषय एकच — पिक्चर. कोणता लागला, कोणता पडला, कोणत्या हिरोचं वय आता दिसायला लागलं. बाकी जगाचं आम्हाला काही देणंघेणं नाही. आणि या अड्ड्याचा न्यायाधीश होता भटूभाऊ.

भटूभाऊ माझ्याच खात्यात, माझ्या बाजूच्या मशिनींवर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शिक्षण सातवीपर्यंत, पण पिक्चर बघावा तर त्याने. एकदा म्हणाला, हिरो रडत असेल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा, हात रडत नसतील तर तो गडी खोटा रडतोय. झालं, त्या दिवसापासून सगळा अड्डा हात बघायला लागला. मीही. अजून बघतो.

माझं काय होतं? मी म्हणायचो "मस्त". नाहीतर म्हणायचो "बोअर". याच्या पुढे माझी गाडी जायची नाही. एकदा मी एका पिक्चरची फार तारीफ केली, दोनदा बघितला म्हणून सांगितलं. भटूभाऊ म्हणाला, "नामदेवले पिक्चर नही आवडत, एसी आवडस." सगळे पोट धरून हसले. अकोल्याच्या प्रमोदला तर ठसका लागला. तेव्हापासून मला सगळे एसी म्हणायचे. एसी आला, एसीला सरकून जागा द्या.

भटूभाऊच्या मनात काही नव्हतं. तो विसरूनही गेला असेल. मी विसरलो नाही. माणूस इतक्या छोट्या गोष्टी का धरून ठेवतो, तुम्हाला माहीत आहे का? मला नाही माहीत. पण मी धरून ठेवली.

मग त्याचे कान गेले. लूमवाल्यांचे जातात, हळूहळू. खात्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे सगळेच बहिरे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ त्याने मला गाठलं आणि म्हणाला, "मले बाहेरबी आते खातासारखंच वाटस." मग म्हणाला, कोणाला सांगू नको. मास्टरला कळलं तर चांगल्या मशिनींवरून काढेल. आणि लारीवर — लारीवर तर मुळीच नाही.

समोरासमोर बोललं की तो ओठांवरून सगळं पकडायचा. लारीवर मुद्दाम भिंतीला पाठ लावून बसायचा, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील. कोणाला शंका आली नाही. अडचण होती पिक्चरची. जे हिंदीतच बनलेले असतात त्यांत त्याचं थोडंफार भागायचं. पण हल्ली चालतात ते सगळे दक्षिणेचे, हिंदीत डब केलेले. "व्हट एक बोलतस, मानूस दुसरंच बोलस," तो म्हणायचा. तिथे ओठ वाचून त्याचं काही चालेना.

म्हणून मी त्याचा कान झालो. दुपारचा शो आम्ही दोघं बघायचो, तोही पहिल्याच सुट्टीला, बाकीच्यांच्या आधी. मध्यंतरात आणि पिक्चर सुटल्यावर पार्किंगच्या उजेडात समोरासमोर उभं राहायचं आणि मी सगळे डायलॉग त्याला सांगायचे — आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. बघणाऱ्यांना वाटत असेल, दोन मुके उभे आहेत. तो खोदून खोदून विचारायचा. हे तो हळू म्हणाला की जोरात? म्हणायच्या आधी थांबला होता का? त्याला सांगायचं म्हणून मी पहिल्यांदा नीट ऐकायला लागलो. खरं सांगतो, ते दिवस चांगले होते. हे मी लपवणार नाही, कारण ते लपवलं तर पुढचं कमी वाईट वाटेल.

पण आठवड्याने लारीवर काय व्हायचं? भटूभाऊ बोलायचा. मी कानांनी आणलेलं तो त्याच्या तोंडून मांडायचा, आणि फार सुंदर मांडायचा. लोक माना डोलवायचे. मी बाजूला बसून लोचो खायचो. मी एसी. हे माझं आहे, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. सांगता येत नव्हतं, मी वचन दिलं होतं. आणि तसं पाहिलं तर माझं होतं तरी काय? शब्द माझे नव्हते, विचारही माझा नव्हता. कान तेवढे माझे.

सुरुवात आळसातून झाली. बारा तासांच्या पाळ्या करून अंग आंबलेलं असायचं. कधी दोन वाक्यं गाळली, कधी तीनाचं एक केलं. एकदा चुकून मी त्याला भलतंच नातं सांगितलं, दिराला भाऊ करून टाकलं. लारीवर तो तसंच बोलला. प्रमोदने त्याला टोकलं, भटूभाऊ जरा गोंधळला, आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पुढच्या पिक्चरला मी एक छोटी गोष्ट मुद्दाम बदलली. मग आणखी एक.

आणि मग तो पिक्चर आला.

गोष्ट अशी होती. एक म्हातारा नावाडी असतो. त्याचा एकुलता एक मुलगा एका माणसाचा खून करतो, आणि ते फक्त म्हाताऱ्याने पाहिलेलं असतं. शेवट कोर्टात. म्हातारा साक्षीला उभा राहतो. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. वकील पिंजऱ्यातल्या मुलाकडे बोट दाखवून विचारतो, त्या दिवशी तुम्ही याला तिथे पाहिलंत का? म्हातारा मुलाकडे बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "मी याला पाहिलं नाही." मुलगा ढसाढसा रडतो. म्हातारा एकटाच बाहेर उन्हात चालत जातो आणि पिक्चर संपतो.

पार्किंगमध्ये भटूभाऊने माझा दंड धरला. डोळे भरलेले. "काय म्हने तो? शेवटले काय म्हने?"

मी तोंड मोठं करून, एकेक अक्षर स्पष्ट करून सांगितलं — तो म्हणाला, हाच होता.

चूक नव्हती ती. थकवा नव्हता. मी विचार करून सांगितलं. मुलगा रडतो, म्हातारा उन्हात जातो, दोन्हींत चित्र तेच राहतं, त्याला कळायला काही मार्ग नाही, एवढा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. भटूभाऊने माझा दंड सोडला. मग छातीवर हात ठेवून नुसती मान हलवली. त्याला तो शेवट फार लागला होता. मी तयार केलेला शेवट.

पुढच्या सुट्टीला लारीवर सगळे पिक्चर बघून आलेले होते. भटूभाऊने लोचो खाल्लाच नाही, बाजूला ठेवून बोलायला लागला. म्हणाला, या बापाने सत्यासाठी पोटचा पोरगा फासावर दिला, एवढी छाती मी कोणत्याच पिक्चरमध्ये पाहिली नाही. म्हणाला, साक्ष देताना त्याचे हात बघा, कठड्यावर ठेवलेत ते थरथरतायत, पण तो ते काढून घेत नाही. किती छान बोलत होता. हातांचं तर खरंच होतं, मी नंतर पुन्हा जाऊन बघितलं.

आधी कोणाला काही कळेना. मग प्रमोद हसला. "भटूभाऊ, कोणता पिक्चर पाहून आले जी तुम्ही?" मग सगळेच हसले. लारीवालाही चमचा हातात धरून हसायला लागला. अहो, त्याने पोराला वाचवलं, तोच तर सगळा पिक्चर आहे! भटूभाऊ एकेकाचं तोंड वाचत होता. सगळे एकदम बोलत होते, त्याला काही पकडता येईना. मग कोणीतरी म्हणालं, नामदेव, तू होता ना यांच्यासोबत, तू सांग.

तेव्हाही वेळ होती. मीच चुकीचं सांगितलं असं म्हणालो असतो तर त्याच्या कानांचं बाहेर आलं असतं, वचन मोडलं असतं — असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मला वचन आठवलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तसं माझ्याकडे कधी कोणी बघितलं नव्हतं.

मी पुढे सरकलो आणि सांगितलं. की म्हातारा म्हणाला, मी याला पाहिलं नाही. की जन्मभर सांभाळलेलं खरं त्याने एका वाक्यात मुलावर ओवाळून टाकलं. हळू म्हणाला, म्हणायच्या आधी थांबला होता. भटूभाऊने जे जे विचारायला शिकवलं होतं ते सगळं मी सांगितलं. आणि कसं सांगितलं? खात्यातल्या सवयीने. तोंड मोठं करून, एकेक अक्षर ओठांवर स्पष्ट आणून.

प्रमोद म्हणाला, वा, एसी, आज बोललास! मी हसत मान वळवली, तर भटूभाऊ माझ्या ओठांकडे बघत होता.

त्याने सगळं वाचलं होतं. अक्षर न् अक्षर. तो माझ्याकडे आधार म्हणून बघत होता हो, मी त्याची बाजू घेईन म्हणून. आता तो बोलेल, असं मला वाटलं. बोलायला हवंच होतं त्याने. कोणीतरी अजून हसत विचारत होतं, भटूभाऊ, असं कसं झालं?

तो म्हणाला, "मना डोया लागी गयथा रे, शेवटले."

डोळा लागला होता, म्हणाला. ज्याने आयुष्यात पिक्चरमध्ये कधी पापणी लवू दिली नाही, तो. मग उठला, हात धुतले, आणि सावकाश घरी गेला.

तो पुन्हा लारीवर बसला नाही. खात्यात बाजूच्याच मशिनींवर आहे, अजूनही. धागा तुटला, चहा आला, मास्टर येतोय, एवढं आम्ही बोलतो. पिक्चरचं नाही. एकदा भटूभाऊच्या घरच्या वहिनी बाजारात भेटल्या, त्याच्याबद्दल म्हणाल्या, "भाऊ, त्या आते टीव्हीसमोरबी बठतस नही." मी म्हणालो, वय झालं वहिनी, होतं असं. एवढं सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

अड्ड्याचा न्यायाधीश आता मी आहे. मला एसी कोणी म्हणत नाही. नवीन पिक्चर लागला की नामदेवभाऊ काय म्हणतात ते आधी विचारतात. आणि पिक्चरबद्दल बोलताना मी तोंडावर हात धरतो. गुटख्याने दात खराब झालेत म्हणून मी लाजतो, असं लोकांना वाटतं. वाटू दे.

गेल्या सुट्टीला भटूभाऊ भाजीची पिशवी घेऊन लारीसमोरून चालला होता. प्रमोदने हाताने बोलावलं म्हणून दोन मिनिटं थांबला. तेवढ्यात कोणीतरी मला विचारलं, नवीन पिक्चर कसा आहे? माझा हात आपोआप तोंडावर गेला. भटूभाऊने त्या हाताकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

आता माझे ओठ त्याला दिसणार नव्हते. मी हात खाली घेतला, आणि पिक्चर कसा आहे ते सांगितलं.