पंधरा दिवसांची खुर्ची

जुन्या सामानाच्या आपल्या दुकानात शिरताना पंजाबराव चपला उंबऱ्याबाहेर काढत. आत आलेली प्रत्येक जुनी वस्तू ओल्या फडक्यानं पुसत. पहिल्या गिऱ्हाइकाला जयभीम घालत, मग ते कोणीही असो. खिशात दोन पेनं ठेवत, त्यातलं एक बंद पडलेलं. आणि विकणाऱ्याचा अंगठा घेण्याआधी रजिस्टरच्या समासात स्वतःचा उमटवत.

ही शेवटची सवय दीक्षाला फार आवडायची. रिटायर होऊन स्टील प्लांटचं क्वार्टर सोडणारी माणसं कूलर, कपाट विकायला येत. परवान्याच्या अटीप्रमाणे नाव, पत्ता, अंगठा मागितला की ओशाळत. चोर समजता काय, असं त्यांच्या तोंडावर दिसे. मग पंजाबराव म्हणत, आधी माझा, मग तुमचा. प्लांटमध्ये असताना त्यांच्या अंगठ्यावर पत्रा पडला होता. ठशात मधोमध तिरपी रेघ उमटायची. सगळा समास अशा चिरलेल्या अंगठ्यांनी भरला होता.

दीक्षा स्मृति नगरची. साहित्यात एम. ए. झालेली, नोकरी नसलेली. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरून द्यायला आली होती, ती येतच राहिली.

अर्जासाठी रजिस्टर चाळताना तिला ती नोंद दिसली. वेताची खुर्ची, एक. तारीख कालची. नाव नाही, पत्ता नाही. समासात एक अंगठा, विकणाऱ्याच्या रकान्यात दुसरा. दोन्हींत तीच तिरपी रेघ.

"काका, दोन्ही तुमचेच आहेत."

पंजाबरावांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं. भर दुपारी एक माणूस आला होता. ऊन त्याच्या पाठीशी होतं, तोंड दिसलं नाही. खुर्ची ठेवली, अंगठा दिला. नाव पंधराव्या दिवशी येऊन सांगतो म्हणाला. अटीप्रमाणे पंधरा दिवस वस्तू विकायची नसतेच, म्हणून यांनी जाऊ दिलं.

"अंगठा त्यानंच ठेवला बेटा. मी पाहून राहिलो होतो."

तपासणी सोळाव्या दिवशी होती. बिननावाची नोंद सापडली तर परवाना जाणार होता. बायको अंजनाबाई गेल्यापासून पंजाबरावांना दुकानाशिवाय काही उरलं नव्हतं. दीक्षा म्हणाली, कोणाचंही नाव लिहा, माझं लिहा. ते पहिल्यांदाच तिच्यावर रागावले.

"खोटं नाव लिहिलं का वस्तू चोरीची होते. मले चोरीचा माल ठेवता येत नाही."

ते सायकलवर बोरसीला गेले, मोहन नगरला गेले. वेताची खुर्ची कोणी विकली, असं दारोदार विचारलं. कोणीच नाही म्हणालं. शेजारचा पंक्चरवाला नरेश हसला.

"स्वतःलेच विकली का काका, खुर्ची?"

पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी खुर्ची कोपऱ्यात ठेवली. तिच्यावर ते कोणाला बसू देत नव्हते, स्वतःही बसत नव्हते. तिला फडकंही लावलं नव्हतं. तरी तिच्यावर धूळ बसत नव्हती. आणि बसायच्या जागेचा वेत रोज थोडा खाली गेलेला दिसायचा. दीक्षानं ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, इतकंच.

चौदाव्या दिवशी निघताना त्यांनी तिला सांगितलं, उद्या दुपारनंतर ये. तो येईन तवा दुकानात गर्दी नको.

पंधराव्या दिवशी ती तीनला गेली. चपला बाहेर होत्या. आत पंखा चालू होता. पंजाबराव खुर्चीत बसले होते, हनुवटी छातीवर, मांडीवर उघडं रजिस्टर. खोलगट वेतात ते बरोबर मावले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय. दुपारी बाराच्या सुमारास.

नरेशला विचारलं तर तो म्हणाला, सकाळपासून दुकानात कोणीच आलं नाही.

चालू पेन त्यांच्या बोटांत होतं, टोपण काढलेलं. दीक्षानं रजिस्टर उचललं. खुर्चीच्या नोंदीत, विकणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, त्यांच्या वळणदार अक्षरात 'पं' एवढंच लिहून झालं होतं. पुढचं नाव राहिलं होतं, आणि पत्ता.